इलाच्या मागे बसलेल्या आजी

मिहिरला कार्डांचा नाद लागला तो दिवाळीच्या तोंडावर. बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत तो सेल्स ऑफिसर होता. सकाळी वर्ध्याहून गाडी काढायची, हिंगणघाट, वडनेर, समुद्रपूर, गिरड असं फिरत कृषी केंद्रवाल्यांना भेटायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. पेट्रोल आधी स्वतःच्या खिशातून टाकायचं, कंपनी नंतर पैसे द्यायची. हिंगणघाटच्या एका दुकानदारानं त्याला सांगितलं की नीट बघून क्रेडिट कार्ड घेतलं तर त्याच पेट्रोलवर दर महिन्याला कॅशबॅक मिळतो. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की मिहिर लॅपटॉप उघडून बसायचा.

इला, त्याची बायको, वर्ध्यातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायची. तिलाही यात रस वाटू लागला. पाच टक्के परत म्हणणारं कार्ड खरं तर एका मर्यादेपर्यंतच देतं, त्यापुढे काही नाही, आणि दीड टक्का देणारं साधं कार्ड सगळ्यावर देतं, हे तिनंच त्याला बारीक अक्षरातून वाचून दाखवलं. शेवटी तीन कार्डं उरली. एक पेट्रोलचं, ते मिहिरनं स्वतःच्या नावावर घेतलं. दुसरं ऑनलाइन खरेदीचं आणि तिसरं असं की त्यात दोन गोष्टी आपण निवडायच्या, त्यांच्यावर जास्त पैसे परत. ही दोन इलाच्या नावानं घ्यायची ठरलं.

निवडायच्या गोष्टींत किराणा, औषधं, हॉटेल, शाळेची फी आणि प्रवास होता. किराण्यावर दोघांचं लगेच एकमत झालं.

"दुसरं औषधं घ्यायचं का?" इला म्हणाली. "आईंच्या गोळ्या चालू असतात."

"आई रोहण्यातच घेते. तिथल्या मेडिकलवाल्याकडे मशीनच नाही," मिहिर म्हणाला. "औषधं टाकून काय उपयोग? हॉटेल टाक."

तिनं हॉटेल टाकलं.

मिहिरची आई, भागीरथाबाई, आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला एकट्या राहायच्या. मिहिरचे वडील तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर शेत ठेक्यानं दिलं, पण घर सोडायला बाई तयार झाल्या नाहीत. एकदा वर्ध्याला येऊन राहिल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर पाय जमिनीले लागत नाई म्हणाल्या आणि आठवडा संपायच्या आत परत गेल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा त्यांनी कधी काढलाच नाही. घरात, अंगणात, चुलीपुढे, सगळीकडे तो डोळ्यांवर. मिहिर दर रविवारी फोन करायचा. त्या रविवारीही केला होता, आणि आई नेहमीसारखी बोलली होती.

सोमवारपासून इलाला दिवाळीची सुटी होती. निवडीच्या कार्डासाठी बँकेचा व्हिडिओ कॉल दुपारी आला. घरबसल्या अर्ज केला तर असा कॉल झाल्याशिवाय कार्ड मिळत नाही. बँकेचा माणूस आपला चेहरा बघतो, पॅनकार्ड हातात धरायला सांगतो, चार प्रश्न विचारतो. नियम एवढाच की खोलीत दुसरं कोणी नको. इला बैठकीत टेबलाशी बसली होती. मागे भिंत होती आणि भिंतीशी इस्त्रीच्या कपड्यांचं स्टूल.

पलीकडे एक हिंदी बोलणारी मुलगी होती. तिनं नाव विचारलं, पत्ता विचारला आणि मग थांबून नम्रपणे म्हणाली, "मॅम, आपके पीछे जो माताजी बैठी हैं, उनको ज़रा दूसरे कमरे में भेज दीजिए."

इलानं वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिनं तसं सांगितलं. मुलीनं पुन्हा तेच सांगितलं, याही वेळी नम्रपणेच. इलानं फोन उचलून सगळी खोली फिरवून दाखवली. मुलगी म्हणाली की आज हे पुढे नेता येणार नाही, बँक पुन्हा कॉल करेल.

स्टुलावरच्या कपड्यांत वरच साडी होती, तीच त्या पोरीला माणसासारखी दिसली असेल, असं इलानं ठरवलं आणि कपडे उचलून कपाटात ठेवले. मग तिला जाणवलं की घशाला कोरड पडली आहे. ती पाणी प्यायली. थोड्या वेळानं पुन्हा प्यायली. त्या दिवशी तिची तहान भागेचना. माठातलं पाणी तळाला गेलं तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं. ऊन होतं म्हणा, पण इतकंही नव्हतं.

मिहिर संध्याकाळी लवकर आला. तो चहा घेत असतानाच दुसऱ्या बँकेचा, ऑनलाइन खरेदीच्या कार्डाचा कॉल आला. तोवर इलानं दुपारची गोष्ट त्याला हसत हसत सांगितली होती. मिहिर फोनच्या मागच्या बाजूला, तिच्या समोर बसला, म्हणजे तो कॅमेऱ्यात येणार नाही आणि त्याला सगळं दिसेल. या वेळी बोलणारा मुलगा मराठी होता, पुण्याकडचा वाटत होता.

"मॅडम, मागं आजी आहेत," तो म्हणाला. "त्यांना जरा आत नेता का?"

मिहिर उठला, टेबलाला वळसा घालून इलाच्या मागे भिंतीशी उभा राहिला आणि वाकून म्हणाला की इथे आजी वगैरे कोणी नाही, मी आहे, त्यांचा नवरा.

"सर, तुम्ही नाही," मुलगा म्हणाला. "तुमच्या पायाशी बसल्यात त्या."

फोनच्या कोपऱ्यात इलाचं स्वतःचं छोटं चित्र दिसत होतं. त्यात ती होती, भिंत होती आणि मिहिरची पँट होती. तिनं त्या चित्राकडे टक लावून पाहिलं. मिहिरनं मात्र एक पाय चटकन मागे घेतला, उंबरठ्यावर पाल दिसली की घेतो तसा. मग तो हसला. बँकेचं सॉफ्टवेअर बिघडलं आहे म्हणाला, सगळ्या बँकांना ते एकाच ठिकाणाहून येतं. मुलानं माफी मागून कॉल बंद केला. जेवताना मिहिर याच विषयावर बराच वेळ बोलला. पण त्या भिंतीकडे पाठ करून बसण्याऐवजी तो ताट घेऊन सोफ्यावर जाऊन बसला, हे इलाच्या लक्षात आलं. तिनं विचारलं नाही. रात्रीही ती पाण्यासाठी पुन्हा पुन्हा उठली.

दुसऱ्या दिवशी मिहिर सकाळीच गिरडकडे निघून गेला. इला स्वयंपाकघरात होती तेव्हा पहिल्या बँकेनं आपणहून कॉल केला. ती तशीच फ्रीजला पाठ टेकून उभी राहिली. मागे फ्रीज आणि त्याच्या मागे भिंत. आता कुणी दिसायला जागाच नव्हती. या वेळी एक वयस्क बाई होत्या, बोलणं नागपूरकडचं. त्यांनी इलाचं नाव विचारलं, पॅनकार्ड दाखवायला सांगितलं आणि मध्येच थबकल्या.

"ताई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या बाईंची तब्येत बरी आहे ना? त्या खाली पडल्यात."

इलाचा हात कार्डासकट वरच राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. कुठे पडल्यात, एवढंच तिनं विचारलं.

"तुमच्या मागच्या खोलीत. पोती ठेवली आहेत तिथं. निळा ड्रम आहे एक." त्या बाई पडद्याजवळ वाकल्या. "पाय कसातरीच वळलाय त्यांचा. डोळ्याले काळा चष्मा आहे. बोलून राह्यल्या काहीतरी, आवाज येत नाही. ताई, तुम्ही आधी त्यांच्याकडे जा. हे मग करू."

तुरीची पोती आणि धान्याचा निळा ड्रम रोहण्याच्या घरात मागच्या खोलीत होते.

इलानं सासूबाईंना फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग शेजारच्या छायाबाईंना लावला. त्या लेकीकडे पुलगावला गेल्या होत्या, कालपासून भागीरथाकाकूंना पाहिलेलं नाही म्हणाल्या. त्यांचे यजमान डोमाजी कापूस वेचायला माणसं घेऊन शेतात गेले होते, तिथे फोन लागत नव्हता. लावत राहते म्हणाल्या. मिहिरला फोन केला तेव्हा तो गिरडच्या वाटेवर होता. बँकेच्या बाईंनी काय सांगितलं ते तिनं जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो हसेल किंवा चिडेल असं तिला वाटलं होतं. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेल्याचं तिला ऐकू आलं.

"मी गाडी वळवतो," तो शेवटी म्हणाला. "पण मी लांब आहे. तू निघ."

तिनं स्कूटी काढली. वर्ध्याहून पुलगाव आणि तिथून आर्वीच्या रस्त्यानं रोहणा. इतक्या लांब ती स्कूटीवर कधी गेली नव्हती. दोन्हीकडे कापूस फुटला होता, सोयाबीनची रानं मोकळी झाली होती, रस्ता ओळखीचा होता. पण आरशात बघायची तिची हिंमत होत नव्हती. मागे ओझं बसल्यासारखी स्कूटी जड चालली होती की तिला तसं वाटत होतं, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. पुलगावला तिनं पाण्याची बाटली घेतली आणि दुकानासमोर उभ्या उभ्या संपवली. दुकानदारानं न विचारता दुसरी पुढे केली.

ती पोचली तेव्हा डोमाजी दारातच होते. छायाबाईंचा फोन अखेर लागला होता आणि ते शेतातून धावत आले होते. पुढचं दार आतून बंद होतं. हाका मारूनही उत्तर नव्हतं. डोमाजींनी मागच्या दाराची कडी पहारीनं उचकटली.

भागीरथाबाई पोत्यांच्या आणि निळ्या ड्रमच्या मधे पडल्या होत्या. डावा पाय खुब्यापासून वळला होता, पदर डोक्यावर होता आणि काळा चष्मा डोळ्यांवर. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. सोमवारी सकाळी त्या डाळ काढायला गेल्या आणि पाय घसरला, तेव्हापासून तिथेच होत्या. इलानं गुडघे टेकून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोमाजींना पाणी आणायला सांगितलं.

"पानी नको," भागीरथाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "पेली मी. कालपासून तूच तं पाजून राह्यली."

डोमाजी तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. सासूबाईंनी इलाचा हात चाचपून धरला.

"मी तुह्याच घरी होती ना. तुह्या मांगं बसून होती. तू त्या फोनवाल्याइसंग बोलून राह्यली होती, मंग मी आवाज नाई देल्ला. मिहिर आला तं त्याच्या पायाले हात लावला." त्या थोडं थांबल्या. "त्यानं पाय मांगं घेतला."

मिहिर येईपर्यंत डोमाजींनी गावातली जीप आणली होती. वर्ध्याच्या हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी इलाला बाजूला घेऊन विचारलं की या वयात, या उन्हात, एक दिवस आणि एक रात्र पाण्यावाचून काढलेल्या बाईंचं रक्त इतकं ठीक कसं. इलानं माहीत नाही म्हणून सांगितलं. काउंटरवर पैसे भरताना मिहिरच्या हातात पाकीट होतं आणि तो त्यातल्या कार्डांकडे बघत नुसताच उभा होता. मागची माणसं चुळबुळ करायला लागली तेव्हा इलानं त्यातलं हाताला लागलं ते काढून दिलं. त्यावर काय परत मिळतं, हे दोघांनीही नंतर पाहिलं नाही.

पायाची गोष्ट इलानं त्याला सांगितली नव्हती. पण एके दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तोच म्हणाला, "त्या दिवशी माझ्या पावलाला काहीतरी गार लागलं होतं. मी तुला बोललो नाही." मग तो खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. इला त्याच्या शेजारी बसून राहिली.

आईला आता आपल्याकडेच ठेवायचं, यावर मिहिर ठाम होता. पुढची खोली त्यांना दिली. खाट, वॉकर, बेल, सगळं आणलं. इलानं निवडीच्या कार्डाचा अर्ज बँकेत स्वतः जाऊन, कागदावर सह्या करून पूर्ण केला. व्हिडिओ कॉल तिनं साफ नाकारला. हॉटेलच्या जागी तिनं औषधं लिहिली. भागीरथाबाई कुरकुरल्या नाहीत. खाऊ घातलं ते खाल्लं, चालवलं तेवढं चालल्या. फक्त दुपारी जेवणानंतर त्या खिडकीकडे तोंड करून पडायच्या, तेव्हा हाक मारली तर उत्तर द्यायच्या नाहीत. गाढ झोप लागते, असं मिहिर म्हणायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी छायाबाईंचा फोन आला.

"काकू केव्हा आल्या हो?" त्यांनी विचारलं. "मला कळवलंही नाही. मी डबा दिला असता."

इलानं त्या इथेच असल्याचं सांगितलं. छायाबाई आवाज खाली घेऊन म्हणाल्या की काकू आत्ता अंगणात निंबाच्या झाडाखाली बसल्या आहेत, पाठमोऱ्या. तीन-चार दुपारी दिसल्या, म्हणून फोन केला. हाक मारली तर वळत नाहीत. फाटक उघडून आत जायचा धीर होत नाही.

इला फोन कानाला लावूनच खोलीत गेली. भागीरथाबाई खाटेवर होत्या. झोपताना काढून ठेवलेला चष्मा टेबलावर होता, त्यामुळे त्यांचे डोळे दिसत होते. उघडे, खिडकीकडे लागलेले, पापणी न हलवणारे. इलानं हाताला हात लावला. हात उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा तापला होता, आणि त्या खोलीत दुपारी ऊन येत नव्हतं. तिनं हाक मारली नाही. तिथेच खाटेच्या कडेवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं भागीरथाबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

"निंबाले कोनी पानी नाई टाकलं," त्या म्हणाल्या. "बुडाचं आयं पूरं वाळून गेलं."

"आई, तुम्हाला रोहण्याला जायचंय का?"

"तुम्ही मले एवढं जपून राह्यले. मी कशी म्हनू?" त्यांनी तोंड फिरवलं. "पन जा-ये करून जीव थकते व माय."

संध्याकाळी इलानं मिहिरला हे सांगितलं. त्यानं खूप वाद घातला. तिथे पुन्हा पडली तर, रात्री काही झालं तर, लोक काय म्हणतील, मला काय वाटेल. इलानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या तशाही तिथेच असतात, मिहिर. एकट्या असतात. आपण फक्त सोबत द्यायची." तो उठून आईच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते इलाला ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि त्यानं डोमाजींना फोन लावला.

छायाबाईंची भाची पौर्णिमा रोहण्यातच राहून अंगणवाडीत कामाला जायची. ती रात्री सोबतीला यायला तयार झाली. दिवसा छायाबाई होत्याच. मिहिरनं न्हाणीत आणि मागच्या खोलीत धरायला नळ्या बसवून घेतल्या, पोती आणि ड्रम पुढच्या खोलीत आणवले. गोळ्या वर्ध्याहून दर पंधरवड्याला तो स्वतः नेऊन देणार होता.

ते भागीरथाबाईंना सोडायला गेले तेव्हा दुपार होती. गाडी फाटकाशी थांबली. छायाबाई त्यांच्या कुंपणाशी उभ्या होत्या, पण पुढे आल्या नाहीत. त्या अंगणाकडे बघत होत्या, मग गाडीकडे, मग पुन्हा अंगणाकडे. इलानं त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. निंबाखाली प्लास्टिकची खुर्ची होती, रिकामी, ऊन पडलेली. तिनं छायाबाईंना काही विचारलं नाही.

मिहिरनं वॉकर उघडला. भागीरथाबाई एक एक पाऊल टाकत अंगणातून निघाल्या. कोणाचा हात त्यांनी घेतला नाही. खुर्चीजवळ पोचल्या, क्षणभर तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मग, जरा सरकायला सांगावं तसा हात हलवून, बसल्या. त्यांच्या तोंडून लांब श्वास निघाला.

तेव्हा छायाबाईंनी कुंपणावरचे हात सोडले. फाटक उघडून त्या आत आल्या, वाकून काकूंच्या पाया पडल्या आणि बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"चहा ठेवू ना काकू?"

"ठेव," भागीरथाबाई म्हणाल्या. "साखर कमी टाकजो."

मिहिर नळ सुरू करून बादली भरायला गेला. इला त्यांच्या शेजारी, पायाशी, जमिनीवर बसली.